वाया घालवलेला शब्द

देवळाली प्रवरा इथल्या मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात लढाईच्या वर्षांत रॉकेल पुरत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, खडू नखाएवढा होईपर्यंत जपून वापरावा लागत होता. दानीएल मास्तरांचा शब्द मात्र रोज मिळायचा.

हजेरी झाली की मुली वर्गाच्या मधोमध गोल करून बसत. मास्तर सारवलेल्या जमिनीवर काडीने रेघा ओढत. तीन रेघा म्हणजे तीन अक्षरांचा शब्द, पाच म्हणजे पाच अक्षरांचा. शब्द मास्तरांच्या मनात असायचा. मुलींनी एकेक करून तेवढ्याच अक्षरांचा शब्द बोलायचा. त्यातलं एखादं अक्षर नेमकं आपल्या जागी पडलं तर मास्तर त्या रेघेवर पांढरी गारगोटी ठेवत. अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली, तर चिंचोका ठेवत. अक्षर नसेलच तर काही नाही, आणि एकदा गारगोटी मिळालेल्या अक्षराला पुन्हा चिंचोका नाही. काना, मात्रा, वेलांटी यांचा हिशेब नव्हता. सगळ्या मुलींना मिळून सहा संधी. जी शब्द ओळखील, तिने त्या दिवशी शाळेचे तास द्यायचे. अंगणातल्या लिंबाला आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर लोखंडी कांब मारायचा मान तिचा.

मास्तर नुसता खेळ खेळवत नव्हते, खेळायचं कसं तेही शिकवत होते. ते म्हणायचे, "पोरींनो, पहिला शब्द जिंकायला बोलायचा नसतो, ऐकायला बोलायचा असतो. 'कडकडीत' म्हणून काय मिळालं? पाच जागा, त्यात अक्षरं तीनच. पाचही वेगळी असू देत. र, क, न, त, स ही आपल्या भाषेतली रोज राबणारी अक्षरं. ती आधी विचारा. आणि एकदा नाही म्हटलेलं अक्षर पुन्हा दारात उभं करू नका."

एके दिवशी तीन रेघांपैकी शेवटच्या दोन भरल्या. क आणि र. पहिली रिकामी. मुली एकमेकींवर ओरडू लागल्या. भाकरी, चाकरी, नोकरी, बकरी. मास्तरांनी हात वर केला.

"एकेक करून विचारलंत तर संधी संपतील. मग काय करायचं?"

मास्तरांनी काडी रिकाम्या रेघेवर टेकवली.

"एक शब्द वाया घालवायचा. आपल्याला पक्कं ठाऊक असतं की हा शब्द खोटा आहे. तरी तो बोलायचा. म्हणा 'भोजन'. भ जागेवर बसला तर भाकरी. न चा चिंचोका पडला तर नोकरी. दोन्ही नाहीत तर तीही दोन बाद. खोटा शब्द टाकायचा आणि समोरून काय हलतं ते बघायचं."

हे ज्या मुलीच्या डोक्यात सगळ्यांत खोल उतरलं, तिचं नाव लिडिया. तेरा वर्षांची. तिचे वडील खेडोपाडी येशूचं वचन सांगत फिरायचे, ते पटकीत गेले. आई त्याआधीच. सुट्टी लागली की मुली घरी जात आणि लिडिया मोकळ्या बोर्डिंगात सारामावशींबरोबर धान्य निवडत बसे. तिला घर नव्हतं. तिला तास होते. वर्षभरात फार तर दहा-बारा दिवस दुसऱ्या कुणी रुळावर कांब मारली असेल.

संक्रांतीनंतर दया आली.

सारामावशी बोर्डिंग सांभाळायच्या. त्यांनी त्या मुलीला सगळ्यांपुढे उभं केलं. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची, लिडियाच्याच वयाची. उजव्या मनगटावर उलथन्याचा लांबट डाग, अजून ओला.

"हिला आपण दया म्हणायचं," मावशी म्हणाल्या. "हिचं आधीचं नाव, हिचं गाव, कुणी विचारायचं नाही. आपसात नाही आणि बाहेर तर मुळीच नाही. ज्यांच्याकडून ही पळून आली, ती माणसं हिला शोधताहेत. पत्ता लागला तर ओढून नेतील. या खेपेला मनगट भाजलंय. पुढच्या खेपेला काय भाजतील, देवाला ठाऊक."

नंतर त्यांनी लिडियाला बाजूला घेतलं. "तू मोठी आहेस. तुझ्यावर सोपवतेय."

"हो मावशी," लिडिया म्हणाली. तिने पहिला महिनाभर ते मनापासून पाळलं. दयाला पाटीवर अक्षरं गिरवायला तिनेच शिकवलं. चार अक्षरं आधीची येत होती, बाकीची दयाने तीन आठवड्यांत उचलली.

चौथ्या आठवड्यात दया खेळात उतरली. ती पहिला शब्द कधीच बोलायची नाही. गुडघ्यांवर हनुवटी टेकून गारगोट्यांकडे बघत बसायची. लिडिया नेमाने पहिला शब्द टाकायची, चांगला निवडून. दुसरी कुणी दुसरा बोलायची. आणि मग कोपऱ्यातून हळूच आवाज यायचा, "उंबरठा हाय का मास्तर?" आणि तो असायचा.

"आम्ही नांगरायचं आणि हिनं कणसं खुडायची," लिडिया म्हणाली.

"तू बी गप बसत जा की मंग," दया हसून म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. म्हणूनच लिडियाला ते जास्त लागलं.

सलग अकरा दिवस दयाने तास दिले. लिडियाने गप्प बसून पाहिलं. तसं बसलं की दया तिच्याही आधी बोलायची. बाराव्या दिवशी मास्तर म्हणाले, "दयाचं डोकं म्हणजे डोकं आहे. हिला नगरला शिकायला पाठवायला हवं." लिडियाबद्दल असं ते कधी बोलले नव्हते. त्या दिवसापासून दयाचं हसणं, तिचं जेवणं, तिचं वेणी घालणं, सगळंच लिडियाला खुपू लागलं.

रंगपंचमी जवळ आली. मढीच्या नाथांच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या गावातून जाऊ लागल्या. बोर्डिंगच्या शाळेत गावातल्या शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या मुलीही येत, त्यांनाही यावा असा शब्द मास्तर मधूनमधून घेत. त्या सकाळी त्यांनी पाच रेघा ओढल्या.

लिडिया म्हणाली, "कातरवेळ." पहिल्या रेघेवर गारगोटी.

दुसरी एक मुलगी म्हणाली, "मनकवडा." दुसऱ्या रेघेवर गारगोटी. म्हणजे आधी क, मग न.

गुळाच्या व्यापाऱ्याची भीमा म्हणाली, "पंढरीनाथ." मास्तर हसले आणि शेवटच्या दोन्ही रेघांवर त्यांनी गारगोट्या ठेवल्या. न आणि थ.

क, न, रिकामी जागा, न, थ. दयाचा हात चटकन वर गेला. तिला आलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण हात अर्ध्यावर थांबला, वळला आणि डोक्यावर गेला. बोटांनी काहीतरी पुढे ओढल्यासारखं केलं. तिच्या अंगात परकर-पोलकं होतं. डोक्यावर पदर नव्हताच. बोटं नुसत्या केसांवरून फिरली आणि तिने मान खाली घातली.

"बोल दया," मास्तर म्हणाले.

"न्हाई येत."

"येतंय तुला."

"न्हाई येत मास्तर."

"कानिफनाथ," लिडिया म्हणाली आणि जिंकली. बारा दिवसांनी कांब तिच्या हातात आली. पण तास देताना तिचं लक्ष रुळावर नव्हतं. छबूबाई स्वयंपाकीण नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की असंच करायच्या. आधी पदर, मग खाली मान, मग मुकाट्याने दुसरीकडे बघणं. त्यांचा नवरा दगडू, म्हणून त्या दगडालासुद्धा धोंडा म्हणायच्या.

दया लग्नाची होती. आणि नवऱ्याचं नाव लिडियाला कळलं होतं.

इथे थांबता आलं असतं. लिडियाला दयाचं वाईट व्हायला हवं होतं असंही नव्हतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की जे दयाने झाकून ठेवलंय ते आपण ओळखावं. पण अर्धा ओळखलेला शब्द तिने कधी सोडून दिला नव्हता. एक जागा भरली होती. गाव राहिलं होतं.

दुपारी दोघी ओट्यावर बाजरी निवडत बसत. लिडियाने घाई केली नाही. आधी मोठं जाळं टाकायचं.

"तुमच्याकडेही असाच ऊस असतो का गं?"

"ऊस? पियाला पानी न्हाई, अन् ऊस," दया म्हणाली आणि मग जीभ चावली.

म्हणजे कोरडा मुलूख. वर्गात जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता. लिडियाने त्यावरून कालव्यांचा सगळा भाग मनातल्या मनात पुसून टाकला. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड एवढंच ठेवलं.

चार दिवस ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने खोटा शब्द टाकला. "मला कळलंय तुझं गाव. पाथर्डीकडची ना तू?"

दयाचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग असा मोकळा झाला की तिला हसू आवरेना. "पाथर्डी? हितून जेवढी लांब, तेवढीच आमच्याकडनं लांब. मी बघितली बी न्हाई."

"मग शेवगाव."

"न्हाई गं बाई. तू उगं शिनू नको."

चुकीचं नाव ऐकलं की माणूस किती सैल होतो, हे लिडियाने पाहिलं. सैल झालेली दया बोलत सुटली. तिच्याकडे झाडं कशी नाहीत, विहिरीला दोर किती लागतो, आणि दुपारी गोऱ्यांच्या फौजेच्या मोटारी एकामागून एक सडकेवरून कशा जातात. "सासू झोपली की मी दारात बसून मोजायची. येकदा साठ मोजल्या."

सासू म्हटल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. लिडियाच्या ध्यानात सडक राहिली. कोरड्या मुलखातली हमरस्त्यावरची गावं नकाशावर बोटांवर मोजण्याइतकी होती. तिने रोज एक टाकलं. घोगरगावला दया हसली. माहीजळगावला दयाने खांदे उडवले. मिरजगाव म्हणताच दयाच्या सुपातली बाजरी खाली सांडली.

"काय झालं?" लिडियाने विचारलं.

"काय न्हाई. मुंगी चावली." ती वाकून दाणे वेचू लागली आणि बराच वेळ वेचत राहिली. मग खालच्याच मानेने म्हणाली, "लिडिया, कुनाला सांगू नको. तुझ्या पाया पडते."

"मी कशाला सांगू," लिडिया म्हणाली.

ती खरंच सांगणार नव्हती. पण ओळखलेलं कुणाला कळलंच नाही तर ओळखलं तरी कशाला, हे तिला तीन रात्री टोचत राहिलं. चौथ्या दिवशी मास्तर राहुरीला शिक्षकांच्या सभेला गेले आणि जाताना म्हणाले, "लिडिया, आज शब्द तू घे."

तिने जमिनीवर पाच रेघा ओढल्या.

पहिली मुलगी म्हणाली, "परसदार." लिडियाने दुसऱ्या रेघेवर गारगोटी ठेवली.

दुसरी म्हणाली, "कोपरगाव." शेवटच्या दोन्ही रेघांवर गारगोट्या पडल्या. दुसरा र, चौथा ग, पाचवा व.

दया भिंतीला टेकून बसली होती. तिने रेघांकडे पाहिलं, मग लिडियाकडे.

"दया, तू," लिडिया म्हणाली.

"मला न्हाई खेळायचं."

"सगळ्या खेळतात. बोल."

दयाने पुन्हा एकदा रेघा पाहिल्या. मग म्हणाली, "कडकडीत."

मुली खो खो हसल्या. पहिल्या दिवशी आलेली मुलगीही आता असा शब्द बोलत नसे. र ठरला, ग ठरला, व ठरला, आणि ही बया कडकडीत म्हणते.

"मास्तरांची हुशार," कुणीतरी म्हणालं. "पाठवा नगरला."

"आणखी एकदा," लिडिया म्हणाली. "हुशार मुलीला दोनदा."

"खळखळाट," दया म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण आवाज सरळ होता. ती शब्द वाया घालवत होती. संधी संपवत होती. सहापैकी चार गेल्या होत्या. आणखी दोन तशाच गेल्या असत्या तर गारगोट्या उचलल्या गेल्या असत्या आणि कुणालाच काही कळलं नसतं. लिडियाने हे ओळखलं, आणि या मुलीचं डोकं खरोखर आपल्यापेक्षा वरचढ आहे हेही त्याच क्षणी ओळखलं. तिला चेतवायला तेवढं पुरलं.

"भीमा, तू सांग. तुमच्या दादांच्या गुळाच्या गाड्या कुठे कुठे जातात?"

भीमाने रेघांवर बोट फिरवलं. "मिरजगाव," ती म्हणाली. "आईशप्पत, मिरजगाव हाय."

"बरोबर. आता दादांना एक विचार. मिरजगावात कानिफनाथ नावाच्या माणसाची बायको पळून गेलीय का म्हणावं."

मग एकेक तोंड दयाकडे वळलं. दयाचा हात डोक्याकडे निघाला होता. तो तिने दुसऱ्या हाताने धरून मांडीवर दाबून ठेवला. ते सगळ्यांनी पाहिलं.

भीमा वाईट मुलगी नव्हती. तिने घरी जाऊन जे ऐकलं ते सांगितलं. तिचे वडील, दादा, तेही वाईट गृहस्थ नव्हते. कुणाची तरी सून घरातून गेली आहे, तिचा पत्ता आपल्याला लागला आहे, तो त्या घराला कळवणं हे त्यांना चांगल्या माणसाचं काम वाटलं. पुढची गाडी गेली तेव्हा त्यांनी ते केलं.

तीन आठवड्यांनी दुपारच्या सुट्टीत आबासाहेब आले. दयाचे सासरे. धुतलेलं धोतर, पांढरा फेटा, आवाज हळू. बरोबर गावचा पोलीस पाटील. फाटकाशीच त्यांना पाहून सारामावशींनी दयाला धान्याच्या कोठीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि पुढे आल्या. आपली सून मनकर्णा इथे आहे का, असं आबासाहेबांनी विचारलं.

"मनकर्णा नावाची कुणी इथे नाही," त्या म्हणाल्या. "पाणी देऊ?"

"पानी नगं बाई. तुमच्या हातचं चालत न्हाई आमाला." ते ओट्याच्या कडेवर टेकले. "पोरीचं लगीन लागलंय. नवरा जित्ता हाय. पोर अल्लड हाय, रागारागात निघून गेली. फौजदाराकडं जायची माजी विच्छा न्हाई."

"नाही म्हटलं ना."

"बरं. न्हाई तर न्हाई." ते उठले. पाटीलही उठला. मावशींचे खांदे खाली आले. फाटकाच्या दिशेने दोन पावलं टाकून आबासाहेब थांबले आणि वळले. या खेपेला त्यांचा आवाज मोठा होता, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा. "येवढा निरोप मातर ठिवा बाई. कधी आली तर सांगा. तिची आई वारली. सोमवारी. धा दिस नुसतं मनू, मनू करत हुती. शेवटाला पानी बी गेलं न्हाई घशाखाली."

लिडिया लिंबाखाली कांब हातात घेऊन उभी होती. सुट्टी संपत आली होती. तिने आबासाहेबांकडे पाहिलं. ते मावशींशी बोलत होते पण त्यांचे डोळे मावशींवर नव्हते. ते दारं बघत होते. एक, मग दुसरं, मग तिसरं.

हे काय चाललंय हे त्या अंगणात तिच्या एकटीला कळलं होतं. हातातली कांब एकदा रुळावर मारली असती, जोराने, सारखी, तर त्या आवाजात कोठीतला कुठलाही आवाज बुडून गेला असता. कांब वर गेली. आणि तशीच राहिली. शब्द बसतो की नाही हे तिला बघायचं होतं.

कोठीतून आधी काही आलं नाही. मग धान्याचा डबा पडल्यासारखं झालं, आणि मग तो आवाज आला. लांब, खोलवरून. आये म्हणून मारलेली हाक.

आबासाहेबांनी पाटलाकडे पाहिलं. "ती मधली खोली," ते म्हणाले.

मावशी आडव्या आल्या, बोलल्या, कायदा सांगितला, मनगटाचं सांगितलं, शेवटी हात जोडले. पाटलाने कडी काढली. दया धान्याच्या धुळीने माखलेली बाहेर आली. तिने पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. आबासाहेबांनी पिशवीतून लुगडं काढून तिच्या अंगावर टाकलं आणि ती त्यांच्यामागून चालू लागली.

लिंबाजवळून जाताना ती क्षणभर थांबली. रडून तोंड सुजलं होतं, पण लिडियाकडे तिने जे पाहिलं त्यात राग नव्हता. सकाळी गारगोट्यांकडे बघायची तशीच ती बघत होती.

"पयलं कशावरनं वळखलं?" तिने विचारलं.

लिडिया तिच्या अंगावरच्या लुगड्याकडे बघत राहिली. दया उत्तराला थांबली नाही, पुढे निघाली.

फाटकाबाहेर गाडी उभी होती. मुली कुंपणाला दाटल्या होत्या. दयाने चाकावर पाय ठेवला आणि मागे वळून विचारलं, "मामंजी, आईचं दहावं झालं का?"

आबासाहेब जू सारखं करत होते. "कुनाचं दहावं?" ते म्हणाले. "परवाच वाटंत भेटली. चांगली धडधाकट हाय. बस वर."

दया चढून बसली. गाडी निघाली. वळणापर्यंत ती मुलींना दिसत होती, पाठमोरी. सारामावशी फाटकात तशाच उभ्या होत्या. मागे न बघता त्या म्हणाल्या, "लिडिया, वेळ झाली. तास दे."